कुंदाताईंनी केलेले दोन ढीग

माझ्या थोरल्या जाऊबाई, कुंदाताई, कुणाच्याही घरी गेल्या की आधी कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडत. आसनगावला आमच्या फ्लॅटवर पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी पाण्याचा पेला घेऊन उभी आणि कुंदाताई ओट्याखाली वाकलेल्या. उष्ट्या भातात टाकलेली प्लास्टिकची पिशवी त्यांनी दोन बोटांनी वर धरली. "गाईनं भात खायाचा का पिशवी, गो?" माझ्या लग्नाला महिनाही झाला नव्हता. ती बाई मला तेव्हाच आवडली नाही आणि पुढेही कधी आवडली नाही.

थोरले दीर लवकर गेले होते. खर्डीच्या पलीकडच्या गावात सासूबाई, मुलगा नितीन आणि भाताची शेती हे सगळं कुंदाताईच बघत. कष्टाला वाघीण होत्या, हे मी कधीच नाकारलं नाही. पण जीभ विळ्यासारखी. माझ्या लेकीच्या बारशाला मी थर्माकोलच्या पत्रावळी नेल्या, तर त्यांनी त्या पाहुण्यांसमोर बांधून परत माझ्या हातात दिल्या आणि पळसाच्या पानांवर पंगत वाढली. "टाकलं म्हंजे गेलं नाय. कोनाच्या तरी दारात जातं," हे त्यांचं पालुपद. ऐकणाऱ्याला त्यात शहाणपण वाटे. मला मात्र नेहमी टोमणाच ऐकू येई.

सासूबाई गेल्या आणि घराच्या वाटण्या ठरल्या. मधे भिंत घालायची, म्हणजे आधी घर रिकामं करायला हवं. माझ्या नवऱ्याने एका रविवारी टेम्पो आणला. मोडका कूलर, फाटका सोफा, दोन मिक्सर, बंद टीव्ही, गणपतीची मखरं, औषधाच्या बाटल्या, सगळं भरलं. टेम्पोवाला हा माल ओहोळाच्या वळणावर उतारावर ओतणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळं गाव तिथेच टाकतं.

टेम्पो सुरू झाला तशा कुंदाताई पुढच्या चाकाला पाठ लावून मातीत बसल्या.

"वयनी, उठा. लोक बघतायत," नवरा म्हणाला.

"बघू दे. त्या वळनाखाली माझं शेत हाय. गेल्या पावसात लावनीला वाकले तर चिखलात लोकांच्या पोरांचे डायपर. तुजा कूलर पन मीच उचलू?"

"घर माझंपण आहे."

"घर तुजं, मंग कचरा कोनाचा रे?"

त्यांनी नितीनला हाक मारून सगळा माल अंगणात उतरवला, घरात उरलेलंही बाहेर काढलं आणि दोन ढीग केले. एकात घरातलं मूळचं सामान: बांबूची कणगी, सुपं, पितळी हंडा, सासूबाईंची लुगडी. दुसऱ्यात आम्ही वर्षानुवर्षं आसनगावहून आणून टाकलेलं. फ्लॅटमध्ये काही बिघडलं की नवरा म्हणायचा, गावाला उपयोगी पडेल. तो ढीग दारापेक्षा उंच झाला. शेजारपाजारच्या बायका कुंपणाला येऊन उभ्या होत्या.

"ह्यो तुमचा. घेऊन जा," कुंदाताई माझ्याकडे बघत म्हणाल्या.

माझ्या अंगाची आग झाली. "टीव्ही तुम्हीच मागितला होता ना? चार वर्षं मालिका कुणी बघितल्या?"

"बगितल्या. मंग टीव्ही ठेवते. बाकीचं उचल."

त्यांनी टीव्ही खरंच उचलून आत नेला. आम्ही उरलेला ढीग टेम्पोत घालून आसनगावला परत आलो. सोसायटीच्या वॉचमनने गाडी आत घेतली नाही, तेव्हा सगळं हातांनी वर चढवलं. अख्खा महिना आमच्या गॅलरीत तो कूलर आणि सोफा होता. भंगारवाल्याने लोखंड नेलं, सोफ्याचं लाकूड एका सुताराने नेलं, फोमसाठी कल्याणपर्यंत हेलपाटे घातले. त्या दिवसांत मी कुंदाताईंना दिलेल्या शिव्या इथे लिहिता येणार नाहीत. पण त्यानंतर आमच्या घरात नवी वस्तू येण्याआधी नवरा-बायकोचं भांडण होऊ लागलं, हेही खरं.

भिंत झाली. सासूबाईंच्या लुगड्यांच्या त्यांनी गोधड्या शिवल्या आणि भावकीत वाटल्या. आम्हाला दिली नाही. बोलणं बंदच होतं.

गेल्या वर्षी त्यांना पोटाचा कर्करोग निघाला. आम्हाला फार उशिरा कळलं. त्यांच्या तेराव्यानंतर, नितीनला आवरायला मदत होईल म्हणून मी त्यांच्या भागात गेले. आत एक खाट, चार भांडी आणि देव. कोनाडे रिकामे, माळा झाडलेला.

"आईनं वर्षभरात ज्याला जे लागतंय ते देऊन टाकलं, काकी," नितीन म्हणाला. "हंडा बचत गटाला दिला. कणगी ठाकरवाडीत. टीव्ही पन दुरुस्त करून अंगनवाडीला."

मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "आमच्यासाठी काही ठेवलंय?"

त्याने ती चार भांडी एकात एक घातली. मग म्हणाला, "इचारलं होतं मी. म्हनाली, त्यांच्या घरात जागा नाय."

मेलेल्या बाईशी भांडता येत नाही. मी पदर खोचला आणि त्या झाडलेल्या घरातून पुन्हा केरसुणी फिरवली. केर निघाला नाही.