चिमूटभर सोनं

नगरच्या सराफ बाजारात शटरं वर जायच्या आधी जहिराचा झाडू फिरलेला असतो. ती झारेकरीण. सोनारांच्या उंबऱ्यापुढची धूळ, गटारीतला गाळ गोळा करायचा, परातीत धूत बसायचं आणि तळाशी राहिलेले सोन्याचे कण वेचायचे, हा तिचा धंदा. सासूच्या काळी दुकानांपुढं माती तरी होती. आता गुळगुळीत फरशी आणि आत गालिचे. "मेल्यांनी धूळसुद्धा कोंडून ठेवली," म्हणत ती गाळ उपसते. कंबर मोडते, हाती येतो चिखल. येणारे-जाणारे नाकाला रुमाल लावतात, त्याचा तिला सगळ्यात जास्त संताप येतो.

म्हणून लेकीनं, मेहरीननं, विज्ञान प्रदर्शनासाठी 'सोनं येतं कुठून' हा विषय घेतल्याचं सांगितलं तेव्हा जहिराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दोन मेलेले, भयंकर जड तारे एकमेकांभोवती फिरत आदळले. त्यानं अवकाशच थरथरलं. ती थरथर, म्हणजे गुरुत्वीय लहर, आधी पृथ्वीवर पोचली आणि मागोमाग उजेड आला. शास्त्रज्ञांनी तो उजेड निरखला, तर त्यात सोन्यासारखे जड धातू तयार झाल्याच्या खुणा सापडल्या.

"म्हंजी तेबी झारेकरीच की," जहिरा म्हणाली. "आमी गाळ चाळतो, ते उजेड चाळत्यात."

मेहरीन हसली. "अम्मी, हेच बोलते मी तिथं. तुझं नाव घेऊन."

त्या एका वाक्यासाठी जहिरानं वेचलेले कण विकले नाहीत. शिशीत भरून लेकीला दिले.

प्रदर्शनाच्या दिवशी ती ठेवणीतली साडी नेसून, कण साफ करायच्या ॲसिडनं काळी पडलेली बोटं पदरात लपवून मागं उभी राहिली. मेहरीन घडाघडा बोलली, झारेकऱ्यांचं वाक्य तेवढं आलं नाही. परीक्षक खूश झाले. शिशी उचलून म्हणाले, "सोनं खरं दिसतंय. कुठून आणलं?"

भोवती मैत्रिणी होत्या. मेहरीननं एकदा मागं पाहिलं. "सराफाच्या दुकानातून, सर."

जहिराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानातून! दुकानदार एक कण तरी सुखासुखी सोडतो का? गटारीत घातलेले हात पोरीनं एका शब्दात पुसून टाकले. पुढं जाऊन बोटं दाखवावीत, असं तिला वाटलं. ती गेलीही.

"आपण कोण?" परीक्षकांनी विचारलं.

मेहरीनचा चेहरा पांढराफटक पडला. जहिरानं तिच्याकडं पाहिलं आणि बोटं पुन्हा पदरात घेतली.

"शेजारीण हाय," ती म्हणाली. "पोरगी लई हुशार हाय, म्हणून बघायला आले."