आम्ही लॅपटॉप निंदला तो दिवस

आमच्या आरमोरीच्या घरात आजवर एकच लॅपटॉप निंदण काढताना मेला, आणि तो माझ्या हातून.

ताई भामरागडला दिलेली. त्या पावसाळ्यात तिला मुलगी झाली आणि पुराने रस्ता बंद पडला. आईने नातीचं तोंडही पाहिलं नव्हतं! दुपारी रेंज आली की ताई व्हिडिओ कॉल करणार होती. माझा मोबाईल आदल्याच दिवशी धानाच्या बांधीत, शेतातल्या चिखलात बुडून वारला होता, आणि बाबांचा फोन बटणांचा. उरला तारेच्या इंटरनेटवरचा लॅपटॉप. आईने निम्मा मोहल्ला बोलावून चहा चढवला.

लॅपटॉप रडतखडत चालायचा. मी तेव्हा कमांड लिहून प्रोग्रामांची पॅकेजं टाकायला-काढायला नुकताच शिकलो होतो (म्हणजे टाकायला शिकलो होतो). कॉलच्या आधी जरा जागा मोकळी करावी म्हटलं. काळ्या पडद्यावर पॅकेजांची नावं धो धो वाहू लागली. शेतातून आलेले बाबा मागे येऊन उभे राहिले.

"हे एवढं कोनं पेरलं रे?"

"मी नाई, बाबा. आपोआप आलं."

"आपोआप आलं म्हंजे निंदण! काऊन ठेवून राह्यला? उपट!"

शेतीत बाबांचा शब्द शेवटचा. मी ओळीच्या ओळी उपटत सुटलो. "तो बी सावाच दिसते," म्हणत बाबा धानात लपणाऱ्या तणासारखं एकेका नावावर बोट दाखवत होते. शेवटी लॅपटॉपच घाबरला. धोका आहे, म्हणाला. खात्री असेल तर 'हो, मी सांगतो तसं कर!' हे अख्खं वाक्य इंग्रजीत टाईप करा. आमच्या घरात हे वाक्य आईशिवाय कुणाला बोलायला मिळालेलं नाही! मी ते उद्गारचिन्हासकट टाईप केलं. फार बरं वाटलं.

पडदा काळा झाला तो झालाच. माऊसचा बाण गेला, खिडक्या गेल्या. पॅकेज परत टाकायची कमांड द्यावी, तर तीही उपटली गेलेली!

"काय केलं रे तुनं?" आई चहा सोडून आली.

"आई, त्या लायब्ऱ्या होत्या. सगळे प्रोग्राम मिळून वापरतात."

"म्हंजे विहारातले साऱ्या मोहल्ल्याचे सैपाकाचे गंज-भांडे फेकले तुनं! आता कोनाच्या लग्नात सैपाक होईल?"

बाबा हळूच अंगणात सटकले. इतक्यात त्यांचा बटणांचा फोन वाजला. ताई!

"कॉल काऊन उचलून नाई राह्यले? रेंज जाते नं!"

आईने स्पीकर लावून फोन लॅपटॉपवर ठेवला. पलीकडून भाची जी रडायला लागली! सगळा मोहल्ला काळ्या पडद्याकडे टक लावून ऐकत बसला.

"आवाज आजीवर गेला वं माय," शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या.

रेंज गेली. आई अजून पडद्याकडेच पाहत होती. "दिसली मले," म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. मला तोंड कुठे लपवावं कळेना.

भाची आता शाळेत जाते. पावसाळ्यात आली की बाबा तिला बांधीत नेऊन धान कोणतं, सावा कोणता ते शिकवतात. मीही हौसेने पँट दुमडतो.

"तू धुऱ्यावर बस!" बाबा ओरडतात.

मी शेताच्या कडेला बसतो. सगळ्यांच्या चपला राखतो. भाचीने बजावलंय, "मामा, एक बी हलवाची नाई हां!"