गोठ्याच्या माळ्यावरची पोथी

मिरजोळ्याच्या सदू गुरुजींनी उभ्या आयुष्यात एकच लबाडी केली, आणि ती उघडी पाडली कोणी, तर एका यंत्राने! आता बोला.

गावच्या जुन्या आख्यानाच्या तीन पोथ्या त्यांनी आठ वर्षांपूर्वी हाताने उतरवून मुंबईच्या एका संस्थेला दिल्या होत्या. त्याच संस्थेत त्यांची लेक राही पुढे संगणकावर कामाला लागली. तिने त्या तिन्ही नकला त्यात घातल्या. कुठल्या पोथीत कुठला शब्द वेगळा, ते तो संगणक ओळीला ओळ लावून छापून देई. अठ्ठ्याऐंशीच्या मे महिन्यात ती कागदांची चळत घेऊन घरी आली.

"बाबा, गंमत बघा. दुसऱ्या पोथीत सात ओव्या गळल्यात ना, त्याच सात तिसरीतही गळल्यात. म्हणजे तिसरी दुसरीवरूनच उतरवलेली. संस्थेतले सर म्हणाले, छापताना तिला वगळून टाका."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. तिसरी पोथी बौद्धवाडीतल्या रामजीची. त्याच्या आजोबांनी पलटणीत अक्षर गिरवून मग ती लिहिलेली. रामजी केवढ्या हौसेने देऊन गेला, आणि गुरुजींनी ती घरातसुद्धा घेतली नाही, गोठ्याच्या माळ्यावर टाकली. वर्गात समतेचे धडे देणारा हा माणूस! घरात म्हाताऱ्या आईला चालणार नाही, हे नुसतं निमित्त. भ्याले ते स्वतःच. महिन्याने पोथी परत केली आणि दुसरीचीच नक्कल, चार शब्द फिरवून, तिसरी म्हणून खपवली.

आता गप्प बसावं, तर रामजीच्या आजोबांचं नाव पुस्तकातून जाणार. बोलावं, तर पोटच्या पोरीसमोर मान खाली.

"राही, ती मी उघडलीच नव्हती," ते कसेबसे म्हणाले आणि सगळं सांगून मोकळे झाले. राही कागद गोळा करून आत गेली.

भर दुपारी गुरुजी रामजीच्या घरी गेले. आत जाऊन बसले, तेही पहिल्यांदाच. घडलं ते सगळं सांगितलं.

रामजीने पेटीतून फडक्यात गाठ मारून बांधलेली पोथी काढून पुढे ठेवली.

"ठावं होतं, गुर्जी. ही गाठ आजोबांची, पलटणीतली. आमच्या घराबाहेर कुणाला बांधता येत नाय. परत आली तेव्हा तशीच होती, आणि फडक्याला शेणाचा वास."

"मग आठ वर्षं बोलला का नाहीस रे?"

"तुमाला लाज वाटली असती," रामजी म्हणाला.