चंदरकाकाच्या हातातला शेवटचा हुकूम

सोनूबाई माझी आत्या. वरोरला राहते, डहाणूच्या बाजारात मासळी विकते, आणि आख्ख्या आळीत तिच्यासारखे पत्ते कोणालाच खेळता येत नाहीत. हे मी भाची आहे म्हणून नाही बोलत, खरंच बोलते.

समोरच्याच्या हातात काय आहे ते तिला कळतं. लोकं बोलतात हिच्या अंगात येतं. काही नाही येत अंगात, ती डोकं चालवते! किनाऱ्यावर बोट लागली की ती मासळीची पाटी घेते ना, तिथून शिकलीये. पाटीत वरती मोठे मोठे पापलेट रचलेले असतात आणि खाली हात घालू देत नाहीत. मग आत्या बघते, बोट किती लवकर परत आली, जाळं कुठे टाकलं होतं, बोटीवरचा तांडेल विकायची घाई का करतोय. "खाली काय काय असू शकतं ते पहिलं सगळं मनात मांडायचं," ती मला बोलली होती, "मग जे असूच शकत नाही ते एकेक काढून टाकायचं. उरलं ते खाली."

पत्त्यातपण सेम.

पावसात मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या, तेव्हा रोज दुपारी जाळ्यांच्या शेडमध्ये मेंढीकोट चालतो. दोन-दोनच्या जोड्या, आणि चार दश्श्या असतात त्यांना मेंढी बोलतात, त्या जास्त पकडायच्या. आमच्या आळीत नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी फायनल होते. कप नाही, पैसे नाहीत. जिंकलेली जोडी दुसऱ्या दिवशी आळीचा नारळ हातात धरून सगळ्यांच्या पुढे समुद्रावर जाते, बस.

आत्याला तो नारळ हवा होता. तिचा नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि नऊ वर्षं ती मिरवणुकीत सगळ्यात मागे चालायची. नियम असा कोणी लिहिलेला नाही. पण ती नारळाला हात लावायला गेली की कोणीतरी हळूच "राहू दे गो" बोलून बाजूला करायचं. मला एवढा राग यायचा! २०१६ ला मी एसवायला होते, तेव्हा ती मला बोलली, "योगे, बसतेस माझ्यासोबत? जिंकलेल्याला कोण अडवतंय बघू."

बसले. मला धड खेळता येत नाही तरी बसले. आणि आम्ही फायनलला आलो!

समोर आळीतलाच चंदरकाका आणि त्याचा पुतण्या जिग्नेश. चंदरकाका बोलला, "वहिनी, उद्याला नारळ जड लागेल हां तुम्हाला."

"पाटी उचलते रोज डोक्यावर," आत्या बोलली. "वाट पत्ते."

शेवटच्या डावाला शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. दोन मेंढ्या आमच्याकडे, एक त्यांच्याकडे, चौकटची दश्शी अजून कोणाच्यातरी हातात. ती आम्हाला मिळाली तर खेळ आमचा. त्यांना मिळाली तर दोन-दोन, आणि दोन-दोन झालं की ज्याने जास्त हात केले तो जिंकतो. हात त्यांचे जास्त होते.

प्रत्येकाकडे दोनच पत्ते उरलेले, चाल आत्याची. माझ्याकडे दोन्ही फालतू. चौकटचा एक्का अजून पडला नव्हता, म्हणजे बहुतेक आत्याकडेच! इस्पिक हुकूम होता, पण तो संपला असंच सगळ्यांना वाटत होतं, कारण मघाशी चंदरकाकाकडे किल्वर नव्हतं तरी त्याने हुकमाने कापलं नाही, बदामची सत्ती टाकली. मग भीती कसली? आत्या नुसती पत्त्यांकडे बघत बसलेली. माझ्याने राहवलंच नाही.

"आत्या, एक्का टाक ना!"

शेडमध्ये बोंबाबोंब. जिग्नेश ओरडला, "ए, ही सांगते! चिटिंग!" पंच म्हणून बसलेले लहान्याकाका बोलले, "पोरी, परत तोंड उघडलंस तर डाव त्यांचा." मला तर रडूच आलं. नऊ वर्षांनी तिला चान्स मिळाला आणि मी एका सेकंदात घालवला!

आत्याने माझ्याकडे बघितलंच नाही. ती चंदरकाकाकडे बघत होती.

मग तिने इस्पिकची अठ्ठी टाकली.

सगळे हसले. कोणीतरी मागून बोललं, "अगो, एक्का ठेवून हुकूम कोण टाकतं?"

चंदरकाका नाही हसला. त्याने दोन्ही पत्ते बघितले, परत बघितले, आणि इस्पिकची पंजी खाली ठेवली. शेवटचा हुकूम! तो त्याने दाबून ठेवला होता. आत्याने आधी एक्का टाकला असता तर त्याने याच पंजीने कापला असता आणि जिग्नेशने वर दश्शी टाकली असती. आता आत्याने एक्का टाकला आणि जिग्नेशला दश्शी द्यावीच लागली. चौकटची. आमची!!

"वहिनी, कळलं कसं?" चंदरकाकाने विचारलं.

"इस्पिकचे अकरा पत्ते पडलेले मोजले होते, बारावा माझ्या हातात," आत्या बोलली. "तेरावा कोणाकडेतरी होताच. तू बदाम टाकलास, पण टाकायच्या आधी थांबलास. हुकूम नसलेला माणूस कशाला थांबेल? तरी शंका होती. मग ही बोंबलली. एक्का आहे कळल्यावर माणूस घाबरतो, तू गालात हसलास. उरलं ते खाली."

आणि माझ्या डोक्यात टपली मारून बोलली, "बोंबललीस ते बरं झालं. परत नको बोंबलूस."

दुसऱ्या दिवशी नारळ आणला. चंदरकाकाने स्वतः पुढे येऊन तो आत्याच्या हातात दिला. कोणीच "राहू दे गो" नाही बोललं. दोघींनी मिळून धरायचा असतो म्हणून मी हात पुढे केला, तर ती बोलली, "थांब, पाण्यापर्यंत मला एकटीला नेऊ दे."

मग मी मागे चालले. सगळी आळी तिच्या मागे चालली.