पोरीच्या डोक्यातलं पांढरं

पोरगी सातव्या महिन्यातच झाली, महिनाभर काचेच्या पेटीत होती, घरी आणली तेव्हा सगळे म्हणाले सुटलो बाबा, पण मला दिसायचं ना, तिची उजवी मूठ उघडायचीच न्हाय. डाव्या हातानं माझं मंगळसूत्र ओढायची, आणि उजवा तसाच मिटलेला. नवरा बंदरात कंटेनरची गाडी चालवतो, त्याला सुट्टी न्हाय, म्हणून मी आणि सासू तिला पनवेलला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. बाईंनी मशीनमध्ये घालून डोक्याचा फोटो काढायला लावला. तेव्हा ती चार महिन्यांची होती.

फोटो सगळा करडा आणि काळा, मधी एका बाजूला पांढरे ठिपके. बाईंनी कागदावर गोल काढून सांगितलं. बाहेरून साल असते, विचार तिथे होतो, आत पांढरा भाग, त्याच्यातून तारा जातात. ते सगळ्यांनाच असतं म्हणाल्या. पण त्या तारांच्या मधीमधी पण थोड्या पेशी असतात, त्या सालीच्या पण आधीच्या, पोटात असताना सालीचं जोडकाम त्यांनीच सुरू केलेलं असतं. मंग त्यातल्या बऱ्याच मरतात. थोड्या उरतात आणि सालीशी बोलत राहतात, साल त्यांच्याशी. मी विचारलं, काय बोलतात? बाई म्हणाल्या, ते आम्हाला पण पूर्ण माहीत न्हाय. हिच्या पांढऱ्या भागाला मार बसलाय, किती जोड राहिले, किती नवे होतील, ते फोटोत दिसत न्हाय.

डॉक्टरला माहीत न्हाय तर मला काय कळणार, मी आठवी शिकलेली. मी मान हलवत राहिले. बोटांचा व्यायाम शिकवला, पंधरा दिवसांनी या म्हणाल्या. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच राहिलं, की पोरीच्या मेंदूत पांढरं धरलंय.

आता आमच्याकडे पांढरं धरतं ते कसलं? मिठाचं. सासूची सगळी उमर मिठागरात गेली, माझी आई पण तिथेच होती. खाडीचं पाणी चौकोनात अडवायचं, उन्हानं आटलं की तळाला पांढरं धरतं. आणि मधीच पाऊस पडला की सगळं विरघळून जातं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. आणि पोटुशी असताना मी सुकट, खारा बोंबील, कैरीला मीठ, नुसतं मीठ पण चाटायची. सासू तेव्हा म्हणायची, एवढं खारं नको खाऊ ग. तेच मीठ पोरीच्या डोक्यात गेलं. मीच केलं हे.

कुणाला सांगितलं न्हाय. मीठ सोडलं, नुसता भात आणि अळणी डाळ. सासू बोलली, "जेवतेस का औषध घेतेस?" आणि सासू बाजारात गेली की पाणी उकळून गार करायची आणि पोरीला चमच्याचमच्यानं पाजायची, रोज, सासू परत येईपर्यंत, वाट्याच्या वाट्या. म्हटलं विरघळेल. पोरगी दूध कमी प्यायला लागली, जास्त झोपायला लागली, रडेना. मला वाटलं, गुण येतोय.

पंधरा दिवसांनी काट्यावर ठेवली तर वजन उतरलेलं. बाईंनी परत ठेवली. तेवढंच. मंग विचारायला लागल्या, दूध किती वेळा, शी कशी, वरचं काय देता का, आणि सासू बाजूला उभी. खोटं बोलले असते तर चाललं असतं, पण पोरगी त्या काट्यावर निपचित पडलेली, डोळे अर्धे मिटलेले.

"मी पाणी पाजते," मी म्हटलं. "डोक्यातलं मीठ जायला."

बाईंनी पोरीला काट्यावरून उचललं. आधी सासूच बोलली. "तुझ्या डोक्यात मिठागर बांधलंय काय ग?" आणि मंग हळू आवाजात, "मी चार पोरं पोटात घेऊन गुडघाभर खाऱ्या पाण्यात दिवस काढले. सगळ्यांचे हात चालतात."

बाईंनी मला बसवलं. "हे मीठ नाही. तुमच्या खाण्यानं झालेलं नाही. पण एवढ्या लहान बाळाला पाणी दिलंत तर रक्तातलं लागणारं मीठ उतरतं, झटके येतील. फक्त दूध. ऐकलंत?"

ऐकलं. लगेच रक्त घेतलं, दोन दिवस तिथेच ठेवून घेतलं. मी रडत होते आणि विचारत होते, मंग ते पांढरं काय, त्या उरलेल्या पेशी काय, माझ्या पण डोक्यात हायत का? बाई म्हणाल्या, हायत, माझ्या पण हायत. मला अजून नीट कळलेलं न्हाय.

आता वजन चढतंय. मी भातावर मीठ घेते, सासू समोर बसून बघते घेतलं का. दूध पाजताना उजव्या मुठीचं एकेक बोट सोडवते, बाईंनी दाखवलं तसं, आधी अंगठा. सोडलं की परत मिटतं. परवा माझं बोट आत ठेवलं तर तिनं दाबल्यासारखं वाटलं. सासूला म्हटलं, बघा ना. ती म्हणाली, दाबलं असेल, न्हायतर मिटलं असेल. मी तिथेच बसून राहिले, बोट काढलं न्हाय.