लुगड्याचा तुकडा

माझं अक्षर वाकडं, शिक्षण चौथीचं. चुका दिसल्या तर माफ करावं.

ऊर्जानगरात शेजारच्या क्वार्टरमधले भाऊ रिमोटवर उडणारं मोठं विमान बांधायचे. त्याच्या पंखांवर रोज वीज केंद्राच्या चिमणीची राख बसे. ती पुसायला त्यांनी माझ्याकडून जुन्या लुगड्याचा तुकडा नेला होता. पुसताना विमानालाच म्हणत, "थांब, आज हवा चांगली नाई."

ते रिटायर झाले, क्वार्टर सोडायची वेळ आली. पंख अखंड जोडलेले, टेम्पोत मावेनात.

"करवत लावा ना भाऊ, काऊन जीव लावून राह्यले?" टेम्पोवाला हसला.

भाऊंनी विमान मैदानात नेलं आणि पहिल्यांदाच उडवलं. ते दूर जंगलावर पोचलं तसा रिमोट बंद केला.

संध्याकाळी तुकडा धुऊन, घडी घालून माझ्या दारात आले.

"घ्या बाई. आता पुसाले काही नाई."