खाडीतला अनोळखी हात

माझी पोस्टिंग विशाखापट्टणमला झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. महायुद्धाचं शेवटचं वर्ष होतं. काम वायरलेस ऑपरेटरचं. नौदलाने बायकांची एक तुकडी काढली होती, तिच्यात मी शनिवार पेठेतून गेले. शाळा चौथीपर्यंतची, इंग्रजी भावाच्या पुस्तकांवरून घरीच शिकलेलं. तुकडीत बहुतेक मुली अँग्लो-इंडियन. मराठी बोलणारी मी एकटी.

आता राहते कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या अंकासाठी लिहा म्हणून चेअरमन आले तेव्हा म्हणाले, "काकू, तुम्ही युद्धात होतात म्हणे. स्वयंपाकाला का?" मी म्हटलं, "नाही, कान टवकारायला." त्यांना वाटलं मी चिडले. पण अहो, काम खरोखरच तेवढं होतं. कानाला हेडफोन, हातात पेन्सिल, पुढ्यात लॉगची वही. चार तास ऐकायचं आणि मिनिटासकट लिहायचं.

माझी नात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सकाळी कंपनीची बस येईपर्यंत ती हेडफोन लावून घरातनंच अमेरिकेतल्या कोणाशी बोलते. समोर टेकडीवर जेसीबी चालू असतो, तिला तो ऐकूच येत नाही. नजर भिंतीवर असते, पण ती भिंत बघत नसते. मला ते डोळे ओळखीचे वाटतात. आम्हीही असेच बसायचो. खिडकीबाहेर ताडाची झाडं, पलीकडे चकाकणारा समुद्र, आणि कानात त्याहून मोठा दुसरा समुद्र. सतत खरखर. तिच्यात मध्येच कुठूनतरी बारीक शिट्टी उठायची, जशी झोपेत कोणी आपल्याला हाक मारावी. ती आपल्यासाठी असेल तर पेन्सिल आपोआप चालायची. लिहून झाल्यावर कळायचं की आपण लिहिलं.

मोर्स म्हणजे कट्ट-कड. लांब आणि आखूड आवाज, त्यांची अक्षरं. पण प्रत्येकाची तारेची कळ दाबायची रीत वेगळी, हस्ताक्षरासारखी. तिला आम्ही 'हात' म्हणायचो. माणूस हजार किलोमीटरवर, तोंड कधी पाहिलेलं नाही, नाव सांगायला बंदी. पण हात ओळखीचा. ब्रह्मदेशात आराकानच्या किनाऱ्यावर तेव्हा बेटं घ्यायची लढाई चालली होती. मोठी जहाजं बाहेर समुद्रात उभी आणि आपल्या छोट्या मोटर लाँच तिवरांच्या रानातून खाड्यांमध्ये शिरायच्या, रात्री शत्रूच्या, म्हणजे जपान्यांच्या, होड्या अडवायच्या. त्यातल्या एका लाँचचा हात मी तीन महिने ऐकत होते. जलद आणि हलका. संदेश संपताना तो शेवटच्या खुणेआधी किंचित थांबायचा. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर माणूस थांबतो ना, तसा. तो थांबला की मलाही बरं वाटायचं. आज सगळं ठीक आहे, असं.

त्या दिवशी मी सकाळी आठला बसले. नऊ वाजून बारा मिनिटांनी त्या लाँचची कॉलसाइन, म्हणजे तिची ठरलेली अक्षरं, आली. साधं इंग्रजी, कोड नाही. 'गाळात रुतलो. गोळीबार. मदत.'

हात त्याचा नव्हता.

हा हात जड आणि सावकाश होता. पाटीवर मुळाक्षरं गिरवावीत तसं एकेक अक्षर. आमचा नियम स्पष्ट होता: हात बदलला तर ताबडतोब कळवायचं. पकडलेल्या सेटवरून खोटी हाक मारून दुसरी बोट सापळ्यात ओढता येते, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. मी लॉगमध्ये लिहिलं, 'हात अनोळखी', आणि ड्यूटी ऑफिसरला हात वर केला. तो इंग्रज लेफ्टनंट होता. चांगला माणूस, कमी बोलायचा.

"खात्री आहे?"

"आहे, सर."

"ओळखीची खूण विचार."

विचारली. रोज बदलणारी खूण कोडबुकात असते. उत्तर आलं, 'बुक नाही'. आता, बोट शत्रूच्या हाती पडायची भीती असली की कोडबुक शिसं बांधलेल्या पिशवीतून पाण्यात सोडतात. म्हणजे हे खरं असू शकत होतं. आणि खोटं बोलणाराही नेमकं हेच सांगणार.

"उत्तर देऊ नकोस," ऑफिसर म्हणाला. "फॉरवर्ड बेसला त्याची हाक ऐकू येतेय का, विचारून घेतो."

फॉरवर्ड बेस, म्हणजे आराकानकडचा आमचा पुढचा तळ, त्या लाँचपासून अगदी जवळ, पण मध्ये डोंगर. वायरलेसची गंमत बघा, जवळच्याला ऐकू येईना आणि आम्हाला इतक्या लांब स्वच्छ येत होतं. त्या हाकेला जगात फक्त माझे कान होते, आणि मला गप्प बसायचा हुकूम होता.

तो हाक मारत राहिला. नऊ अठरा. नऊ पंचवीस. नऊ एकतीस. मी फक्त वेळा लिहीत होते. पंखा फिरत होता, ताडाची सावली लॉगवरून सरकत होती. मला वाटायला लागलं की हे सगळं मी झोपेत ऐकतेय, जागी झाले की संपेल.

नऊ बेचाळीसला त्याने पुन्हा तोच संदेश दिला आणि शेवटच्या खुणेआधी थांबला. किंचित. शेवटच्या पायरीवर.

मी हेडफोनचा एक कान काढला. "सर, हा हात त्याचा नाही. पण याला शिकवलंय त्यानेच."

"पकडलेला माणूसही शिकवू शकतो."

"हो सर. पण अशी लकब घाईत शिकवून येत नाही. रोज शेजारी बसावं लागतं."

"अंदाजावर मी बोट पाठवू शकत नाही. दुसरा काही पुरावा?"

"एक प्रश्न विचारू द्या. माझ्या भाषेत."

छोट्या बोटींवर निम्मी माणसं रत्नागिरीकडची, हे सगळ्यांना माहीत होतं. आमच्या पेठेत शेजारी एक रत्नागिरीच्या बाई राहायच्या, त्यांच्या चुलीपाशी मी लहानपणी तासन्तास बसलेली. मी इंग्रजी लिपीत, सावकाश, त्याच्या चालीने विचारलं: कुळथाच्या पिठीत आंबटाला काय?

खरखर. नुसती खरखर. मी एक ते वीस मोजले. ऑफिसर मागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

मग एकेक अक्षर आलं. 'सोलं. लवकर या.'

"बरोबर आहे?" ऑफिसरने विचारलं.

"बरोबर आहे, सर." सोलं म्हणजे आमसुलं; शत्रूला हे सुचलं नसतं, आणि धाकाने बसवलेल्या कोकणातल्या माणसाने मुद्दाम चिंच सांगून आम्हाला सावध केलं असतं.

नऊ सत्तेचाळीसला ऑफिसरने फोन उचलला. दुसरी लाँच निघाली. मला बोट येतेय एवढं कळवायची परवानगी मिळाली, ते मी कळवलं. तिकडून 'बरं' आलं आणि आवाज बंद झाला. बाराला माझी ड्यूटी संपली. दुपारी बातमी आली: चौदा जणांपैकी अकरा जिवंत हाती लागले.

महिन्याभराने त्यांतले काही जखमी आमच्याकडच्या हॉस्पिटलमध्ये आले. परवानगी काढून मी गेले. कोपऱ्यातल्या खाटेवर एक चाळिशीचा, मिशा पिकायला लागलेला माणूस होता, डावा हात प्लास्टरमध्ये. नाव दत्ताराम सुर्वे. मी कोण ते सांगितल्यावर तो आधी हसला.

"पिठीवाली बाय तू होय! अगो, वर गोळ्या सुटतायत आणि तू मला स्वयंपाक विचारतेस?"

"तुम्ही ऑपरेटर नव्हतात ना?"

"नाय गो. मी भात शिजवणारा. आमचा तारवाला यशवंत पेडणेकर, त्याला गप्प बसवत नसे. दुपारी भांडी घासून झाली की मला धरून बसवायचा. म्हणायचा, शीक सुर्व्या, म्हातारपणी पोस्टात नोकरी लागेल." त्याने प्लास्टरचा हात उशीवर टेकवला. "पहिल्याच फैरीत गेला. सेटवरच डोकं पडलं. मी त्याला बाजूला ठेवला आणि बसलो."

म्हणजे मी तो हात अनोळखी आहे म्हणून लिहिलं, तेव्हा ओळखीचा हात या जगात नव्हता. आणि तरी नऊ बेचाळीसला मी त्यालाच ऐकलं होतं.

जे विचारायला गेले होते ते मी विचारलं. "सुर्वेमामा, अर्धा तास मी उत्तर दिलं नाही. त्यामुळे कोणाचं काही..."

तो खाटेवर सरकून बसला.

"जनू तांडेल रुतलो तेव्हाच गेला. त्याचं तुझ्यावर नाय." मग म्हणाला, "केशव होता. इंजिनवाला. पोटात लागलेलं. मी हाक मारायचो आणि तो विचारायचा, बोलले काय रे? मी म्हणायचो, बोलतील." त्याने उजव्या हाताने चादर नीट केली. "खोटं नाय सांगणार, बाय. दुसरी बोट आली तेव्हा त्याचं अंग अजून ऊन होतं."

मी पाणी दिलं त्याला. तो प्यायला. मग मी परत आले आणि संध्याकाळच्या ड्यूटीला बसले.

नियम बरोबर होता. सापळा असता तर दुसऱ्या लाँचवरची चौदा माणसं गेली असती, आणि तसाच हात पुन्हा आला तर मी पुन्हा तेच लिहीन. नातीने एकदा विचारलं, तेव्हा तिलाही हेच सांगितलं. ती माझ्याजवळ बसून राहिली.

त्या खाडीत तिघे राहिले. यशवंत पेडणेकर, टेलिग्राफिस्ट. जनू तांडेल, तोफेवर होता. आणि केशव मयेकर, इंजिनरूम, गुहागरकडचा, वय चोवीस. पहिल्याचा हात मला पाठ होता. दुसऱ्याचं फक्त नाव ऐकलं. केशवशी माझा एका अक्षराचाही संबंध आला नाही. बोलले काय रे, असं तो विचारत होता तेव्हा मी वेळा लिहीत होते.